पासंग

‘सावरकाळ’ हा शब्द मिरजेतल्या एका प्रयोगशाळेत जन्मला आणि दहाबारा वर्षांत लग्नाच्या जाहिरातींत जाऊन बसला. उंची, शिक्षण, नोकरी आणि त्याखाली सावरकाळ. ज्यांचा कमी भरला ते तो ठळक अक्षरांत छापत. ज्यांचा जास्त भरला ते ‘समक्ष भेटीत सांगू’ असं लिहीत, आणि त्यावरून जे समजायचं ते सगळे समजून घेत. आम्ही पत्रिका बघत नाही, असं छाती काढून सांगणारी घरंही हा आकडा मात्र हळूच विचारत. मंगळ गेला आणि पेशी आली, एवढाच काय तो फरक.

उज्ज्वला मगदूमला याचं हसू येई आणि थोडी लाजही वाटे, कारण हा आकडा ज्या यंत्रातून निघायचा ते यंत्र पहिल्या दिवसापासून तीच चालवत होती. मालगाव रस्त्यावरच्या त्या संस्थेत सगळे त्याला नुसतं ‘चाक’ म्हणत. कागदोपत्री नाव लांबलचक होतं, पण रोजच्या कामात लांबलचक नावं कोण घेतो?

चाक म्हणजे पोळपाटाएवढी एक तबकडी आणि तिच्या कडेला समोरासमोर दोन खाचा. एका खाचेत काचेच्या दोन पातळ चकत्यांमध्ये माणसाच्या रक्तातल्या जिवंत पांढऱ्या पेशी ठेवायच्या. तबकडी वेगानं फिरू लागली की अपकेंद्री बलामुळे पेशीतल्या प्रत्येक वस्तूचं वजन हजारो पटींनी वाढल्यासारखं होतं आणि आतला सगळा संसार विस्कटतो. चरबीचे थेंब हलके, ते तबकडीच्या मध्याकडे सरकतात. जड कण बाहेरच्या अंगाला साचतात. केंद्रकसुद्धा आपली जागा सोडतं. पण पेशी मरत नाही. वेग उतरवला की ती आपलं घर पुन्हा लावायला घेते. त्याला लागणारा वेळ म्हणजे सावरकाळ.

एवढ्या वेगानं फिरणारी पेशी दिसणार कशी, हा खरा प्रश्न होता. त्यावर तोडगा असा, की प्रत्येक फेरीत खाच भिंगाखाली येईल नेमक्या त्याच क्षणी लेसरचा एक अतिसूक्ष्म लखलखाट व्हायचा आणि बाकी सगळा वेळ काळोख. जुन्या ट्यूबलाइटच्या उजेडात फिरता पंखा कधीकधी थांबल्यासारखा दिसतो, त्यातलाच हा प्रकार. शिवाय हा उजेड ध्रुवित असे, म्हणजे त्याच्या लाटा एकाच दिशेनं डोलत. एका ओळीत रचलेले धागे अशा उजेडात काळ्या पार्श्वभूमीवर आपोआप उजळतात. रंग घालावा लागत नाही. रंगानं पेशी मरते, आणि मेलेली पेशी सावरताना कशी बघणार? पेशीच्या पोटात अशाच धाग्यांचे रूळ असतात. विस्कटलेलं सामान जागच्या जागी परत जातं ते याच रुळांवरून.

संस्थेच्या प्रमुख डॉ. हेर्लेकरबाई. काही माणसांच्या पेशी दीडदोन मिनिटांत सावरतात आणि काहींच्या सातआठ मिनिटं चाचपडत राहतात, हे आधी त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी त्या माणसांचा माग ठेवला. रूळ कच्चे असले तरी रक्तातल्या एवढ्याशा पेशीचं निभावून जातं. मज्जापेशीचा तंतू मात्र कण्यापासून पार बोटांपर्यंत जातो, आणि तिथवर माल पोचत नाही. आधी बोटं जातात, मग हात, मग चालणं. चाचपडणाऱ्या पेशींची माणसं सातआठ वर्षांत याच वाटेला लागली. यावर औषध नव्हतं. फक्त आधी कळत होतं, आणि लोकांना तेवढंही हवं होतं.

आता राहिला पासंग. तराजूचं एक पारडं झुकत असेल तर दुकानदार दुसऱ्यात खडा टाकतो, तसाच हा. एकच खाच भरली तर तबकडी थरथरते आणि चित्र बिघडतं, म्हणून समोरच्या खाचेत तेवढ्याच वजनाचं काहीतरी घालावं लागे. एरवी मिठाचं पाणी चालायचं. पण हेर्लेकरबाईंचा एक नियम होता. चाकाची दुरुस्ती झाली की पहिल्या फेरीला पासंगाच्या खाचेत चालवणाऱ्यानं स्वतःच्या पेशी घालायच्या. ‘लोकांचं रक्त फिरवता ना, मग आधी आपलं फिरवा,’ असं त्या म्हणत. विज्ञानाच्या दृष्टीनं याला काडीचा अर्थ नव्हता. पण नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवणाऱ्यांनी हसायचं कुणाला?

पासंगाच्या खाचेकडे भिंग बघत नसे. म्हणजे स्वतःची पेशी फिरवायची, पण बघायची नाही. उज्ज्वलाला हे फार सोयीचं होतं. आईची बोटं गेली तेव्हा ती कॉलेजात होती. आईला भाकरी थापता येईना, मग घास उचलता येईना, आणि शेवटची दोन वर्षं उज्ज्वलानंच तिला भरवलं. त्या काळी चाक नव्हतं. आता होतं, हजारो लोकांचे सावरकाळ तिनं सांगितले होते, पण स्वतःचा कधी काढला नव्हता. कुणी विचारलंच तर ती म्हणे, दिव्याखाली अंधार असायचाच.

तिचा धाकटा भाऊ भरतेश तसा नव्हता. त्याचं कुपवाडला पंपाचे सुटे भाग बनवायचं वर्कशॉप होतं, आणि जे तपासता येतं ते तपासून घ्यावं अशी त्याची रीत. त्याला आणि राजमतीला मूल नव्हतं. दोघांनी सांगलीच्या एका अनाथाश्रमातली चार वर्षांची जुई दत्तक घ्यायचं ठरवलं होतं. दर रविवारी ती दोघं तिला भेटून येत. पोर राजमतीच्या मांडीवर बसायला लागली होती.

‘पोरगी घरी येण्याआधी आपलं मशीन बघून घेतो, अक्का,’ असं म्हणत हिवाळ्यात एका दुपारी तो वर्कशॉपच्या कपड्यांतच आला. त्याच दिवशी चाकाची दुरुस्ती झाली होती. पुण्याहून आलेला इंजिनिअर कँटीनमध्ये चहा घेत होता. ओळखीचा नमुना घालून करायची शेवटची तपासणी त्यानं सकाळवर ठेवली होती. बाहेरचा कुणी असता तर उज्ज्वलानं त्याला उद्या या म्हणून परत पाठवलं असतं. पण भाऊ काम टाकून आलेला, घरचाच माणूस, त्याला कशाला हेलपाटा घालायला लावायचा? परक्यांना नियम आणि घरच्यांना सवलत, ही आपल्याकडची माया. तिनं त्याचं रक्त घेतलं, नियमाप्रमाणे पासंगाला स्वतःचं घातलं आणि चाक सुरू केलं.

पडद्यावरची पेशी सातव्या मिनिटालाही चाचपडत होती.

भरतेशनं फारसं काही विचारलं नाही. बाहेर पायऱ्यांवर थोडा वेळ बसला आणि म्हणाला, ‘बरं झालं आधी कळलं.’ पुन्हा तपासू या म्हटलं तर नको म्हणाला. आईचं त्यानंही बघितलं होतं. ‘तू काळजी करू नको, मी आहे की,’ असं उज्ज्वला म्हणाली, आणि ते खरंच होतं. त्याला भरवायची वेळ येईल तेव्हा आपण निवृत्त झालेलो असू, असा हिशोबही तिनं मनात केला होता. भरतेशनं सांगलीच्या संस्थेला आपला सावरकाळ स्वतःहून सांगितला. पोरीला नेणार की नाही हे नीट विचार करून कळवा, असं तिथल्या बाई म्हणाल्या. बेळगावचं एक जोडपं तिच्यासाठी थांबलं होतं. भरतेशनं विचार केला आणि नाही म्हणायचं ठरवलं. राजमतीनं त्यावर ना होकार दिला ना नकार. ती फक्त बोलेनाशी झाली.

ज्या दिवशी दोघं हा नकार सांगायला जाणार होती, त्या दिवशी सकाळी उज्ज्वला चाक शिकायला आलेल्या डॉक्टरांचा वर्ग घेत होती. हळू सावरणारी पेशी कशी दिसते ते दाखवायला तिनं नाव झाकून भरतेशच्याच फेरीच्या चित्रणाची फीत लावली. ती सगळ्यांत स्वच्छ आली होती. आपल्याला आता त्याचं काही वाटत नाही, असंही तिला स्वतःला दाखवायचं असावं.

पहिल्या बाकावर लातूरचे डॉ. फुलारी होते. पॅथॉलॉजीत पंचवीसेक वर्षं काढून आलेला गृहस्थ. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, ‘मॅडम, ह्या बाईंचं वय काय असंल?’

‘बाई कशावरून?’ उज्ज्वलानं विचारलं.

‘जरा मागं घ्या की. हां, थांबा. केंद्रकाला बारीक शेंडा आलाय बघा, ढोल वाजवायच्या टिपरीसारखा. तिकडच्या दुसऱ्या पेशीलापण आहे. हे बायकांच्यातच असतंय. आम्ही कॉलेजात मोजत बसायचो.’

वर्गात कुणीतरी हसलं. यात नवीन काहीच नव्हतं. बाईच्या शरीरात एक्स गुणसूत्रं दोन असतात, त्यातलं एक गुंडाळून बाजूला ठेवलेलं असतं, आणि शंभरातल्या दोनचार पांढऱ्या पेशींत ते केंद्रकाला लटकलेलं दिसतं. पुरुषाच्या पेशीत ते नसतं. उज्ज्वलाला हे डॉ. फुलारींइतकंच माहीत होतं. पण चाकावर ती रूळ बघायची, केंद्रकाकडे बघायचं काम पडत नसे. आणि त्या दुपारी तर तिनं घड्याळाशिवाय दुसरं काही बघितलंच नव्हतं.

‘वय माहीत नाही,’ ती म्हणाली आणि पुढची फीत लावली. वर्ग तिनं नीट पूर्ण केला.

मग ती चाकाच्या खोलीत जाऊन बसली आणि तिला त्या इंजिनिअरचं बोलणं आठवलं. भरतेशच्या फेरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी झाल्यावर तो जाता जाता म्हणाला होता, ‘उजेड अर्धी फेरी उशिरा पडत होता मॅडम, सरळ केलाय.’ ती ‘बरं’ म्हणाली होती. अर्धी फेरी उशिरा म्हणजे भिंगाखाली समोरची खाच. आदल्या दुपारी यंत्रानं भरतेशची पेशी बघितलीच नव्हती. पासंग बघितला होता. एकच फेरी तशी झाली होती आणि ती तिनंच केली होती, घरच्या माणसासाठी.

ती उठली, स्वतःच्या बोटाला सुई लावली, पासंगाला मिठाचं पाणी घातलं आणि चाक सुरू केलं. दोन मिनिटं झाली. चार झाली. जड कण बाहेरच्या अंगाला तसेच बसून होते. एक थेंब निघायचा, वाटेत अडायचा, मागे यायचा. तिनं इतक्या लोकांसाठी हे बघितलं होतं, की बराच वेळ ती हे कुणा परक्याचंच आहे अशा नजरेनं बघत राहिली. सात मिनिटं उलटली तेव्हा तिनं चाक बंद केलं. हात धुताना ती बोटं एकेक करून वाकवून बघत होती. अजून सगळी वाकत होती.

भीती वाटली, पण तिला वाटलं होतं तेवढी नाही. खरी अडचण वेगळीच होती. भरतेशला बोलावून पुन्हा तपासायचं हे उघडच होतं. तो ठीक निघाला तर पोर घरी येईल. पण त्याला सांगायचं किती? यंत्र चुकलं होतं, एवढं म्हणून भागण्यासारखं होतं. आपला सावरकाळ सांगितला तर हे काम जाणार, कारण ज्याची बोटं जाणार त्याला कुणी चाकावर बसू देत नाही. हे झालं स्वार्थाचं कारण. दुसरं कारण असं, की भरतेशला कळलं तर तो पोरीला पुन्हा नाही म्हणेल, या वेळी अक्कासाठी. हे झालं परोपकाराचं. दोन्ही कारणं एकाच उत्तराकडे बोट दाखवत होती. म्हणूनच तिला त्या उत्तराचा भरवसा वाटेना. कधी नव्हे ते आपल्या मनाचा तळ आपल्याला दिसत नाही, याचा तिला राग आला.

तिनं फोन लावला.

‘अक्का, आज सांगलीला जायचंय, ठाऊक आहे की तुला,’ भरतेश म्हणाला.

‘त्याच्या आधी इकडं ये. राजमतीला घेऊन ये.’

‘काय झालं?’

‘फोनवर सांगण्यासारखं नाही. ये तू.’

दोघं आली. राजमतीच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत पोरीसाठी शिवलेला फ्रॉक. नकार द्यायला जातानाही तिनं तो बरोबर घेतला होता. उज्ज्वलानं आधी तपासणी केली आणि मग बोलू, असं ठरवलं. भरतेशचं रक्त घेतलं, चाक फिरवलं, वेग उतरवला. पडद्यावर थेंब निघाले ते थेट जागेवर गेले. केंद्रक मध्यात आलं. दोन मिनिटं व्हायच्या आत तिथे काही घडलं होतं असं सांगूनही खरं वाटलं नसतं. तिनं खाचांची अदलाबदल करून पुन्हा बघितलं. उत्तर तेच.

‘तुला काही नाही,’ ती म्हणाली. ‘त्या दिवशी यंत्र चुकलं होतं. खरं म्हणजे मी चुकले. तपासणी व्हायच्या आधी तुझी फेरी केली.’

राजमती भिंतीला टेकली आणि तिनं तोंडाला पदर लावला. भरतेश पडद्याकडे बघत राहिला. यंत्र चुकलं, एवढ्यानं समाधान होणाऱ्यांतला तो नव्हता. उभा जन्म त्यानं लेथवर काढला होता.

‘चुकलं म्हणजे काय झालं?’

‘उजेड अर्धी फेरी उशिरा पडत होता.’

‘म्हणजे समोरची खाच दिसली.’ त्यानं तबकडीकडे बोट दाखवलं. ‘त्यात काय होतं?’

मिठाचं पाणी, असं म्हणता आलं नसतं, कारण मिठाच्या पाण्यात पेशी नसतात. जुना साठवलेला नमुना, असं मात्र म्हणता आलं असतं. ते उत्तर तिनं दुपारभर घोळवून ठेवलं होतं.

‘माझ्या पेशी,’ ती म्हणाली. ‘आज पुन्हा बघितल्या. तसंच आहे.’

भरतेश स्टुलावर बसला. मग तो जे बोलेल असं तिला वाटलं होतं, अगदी तेच बोलला.

‘मग जायचं तर जाऊ, पण नाहीच म्हणून यायचं. आईचं सगळं तू केलंस. माझंपण करायला निघाली होतीस. आता तुझं कोण करणार? चार वर्षांची पोर आणि तू, दोन्ही एकदम व्हायचं नाही, अक्का. मी काय एवढा कृतघ्न आहे व्हय?’

‘माझं मी बघेन. माणूस ठेवता येतं,’ उज्ज्वला म्हणाली.

‘माणूस ठेवायला तुला भाऊ नाही काय?’

‘मी बोलू का?’ राजमती म्हणाली.

कितीतरी दिवसांत तिनं या दोघांसमोर तोंड उघडलं नव्हतं. तिनं पिशवी टेबलावर ठेवली. नवऱ्याकडे न बघता ती उज्ज्वलाशीच बोलली.

‘अक्का, वेळ येईल तेव्हा तुम्ही आमच्याकडं यायचं. मी करीन सगळं. हसत करीन असं म्हणत नाही, चिडेनपण. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. पण पोरीला नाही म्हणायला मी आज जाणार नाही. तुमच्यापायी ती बेळगावला गेली, तर पुढं तुम्हाला भरवताना दर घासाला मला ते आठवेल. आणि मी काही बोलले नाही तरी तुम्हाला कळेल. तसला घास तुमच्या घशाखाली उतरंल काय?’

भरतेश ‘अगं’ म्हणाला आणि थांबला.

उज्ज्वलाला ते लागलं. पोर घरी यावी असंच आपल्यालाही हवं होतं आणि ही तेच म्हणते आहे, हे कळूनही लागलं. भाऊ सगळं सोडायला तयार झाला तेव्हा मनाच्या एका कोपऱ्यात तिला बरं वाटलं होतं, ते या बाईनं बरोबर हेरलं होतं. सावरायला तिला थोडा वेळ लागला.

‘नाही उतरणार,’ ती म्हणाली. ‘भरतेश, ऊठ.’

‘अक्का…’

‘तुझी अक्का म्हणून सांगते, ऊठ. संस्थेतल्या बाई संध्याकाळपर्यंतच थांबणार आहेत ना? जा, आणि हो म्हणून या.’

तो उठला. दारात थांबून त्यानं मागे बघितलं, पण राजमतीनं त्याला पुढे घातलं. गाडी फाटकाबाहेर पडल्यावर उज्ज्वलानं डॉ. हेर्लेकरबाईंना फोन करून दोन गोष्टी सांगितल्या. एक त्या दुपारच्या फेरीची आणि दुसरी स्वतःच्या पेशींची. बाई म्हणाल्या, ‘बोटं वाकताहेत तोवर तूच बस. आणि बरोबर कुणाला तरी शिकव.’ उज्ज्वला ‘हो’ म्हणाली. लगेच घरी जावंसं मात्र तिला वाटेना. चाकाची तबकडी काढून ती पुसत बसली.

ऊन उतरल्यावर भरतेशचा फोन आला. मागे मुलांचा गलका होता. ‘अक्का, झालं,’ एवढंच त्याला बोलता आलं. मग राजमतीचा आवाज आला, ‘थांबा, हिला बोलायचंय.’ मग नुसता श्वास ऐकू येऊ लागला.

‘तू कोण?’ पोरीनं विचारलं.

‘मी आत्या.’

‘आत्या म्हणजे काय?’

संस्थेत वाढलेल्या पोरीला बाई, ताई, मावशी हे शब्द माहीत होते. आत्या तिला कधी लागलीच नव्हती.

‘आत्या म्हणजे बाबांची बहीण.’

पोरीनं थोडा विचार केला. ‘मग तू पण आमच्यात राहणार?’

अशा प्रश्नाला उज्ज्वला जन्मभर ‘बघू’ म्हणत आली होती. भरतेशला, राजमतीला, सणासुदीला बोलावणाऱ्या प्रत्येकाला. आताही तो शब्द तोंडाशी आला. पलीकडे पोर फोन कानाला लावून थांबली होती.

‘हो,’ उज्ज्वला म्हणाली. ‘मी पण.’